ह्यांच्यासाठी एक छोटा डाव

दुबईत पुरणपोळी मिळते, ओल्या नारळाच्या करंज्या मिळतात, गणपतीच्या आदल्या दिवशी दूर्वांची जुडीसुद्धा मिळते. पत्त्यांचा एक साधा डाव मिळत नाही. पैसे लावून, पण थोडेच. चार समंजस माणसांत, दुपारच्या वेळी. सगळा हिवाळा मी तो शोधत होते, आणि मला पत्त्यांतलं काय कळत होतं? डोंबल!

पत्ते आमच्या ह्यांचे. लग्नाआधी हे बोटीवर होते, स्टोअरचं काम बघायचे. बोट बंदराला लागली की बाकीचे खरेदीला पळायचे आणि हे टॅक्सीवाल्याला विचारून पत्त्यांचा क्लब गाठायचे. खेळ एकच, पोकर. तिथेही मोठ्या टेबलांकडे बघायचे नाहीत, सगळ्यात छोटा डाव कुठे चाललाय ते विचारून तिथे खुर्ची ओढायची. पुढे इथे दुबईत, देराच्या जुन्या बाजारात, बोटींना माल पुरवायचं ऑफिस टाकलं आणि पत्ते बंद झाले. "इथला कायदा नाही म्हणतो ना? मग खलास," एवढंच म्हणाले. वर्षातून एकदा गावी जाताना गोव्यात दोन दिवस उतरायचं, तेवढीच चैन. हे कॅसिनोत, आणि मी वाळूत बसून शेंगदाणे खायची आणि कुढायची.

मग हे विसरायला लागले. आधी चाव्या, मग पार्किंग, मग एका गिऱ्हाइकाला तोच माल दोनदा पाठवला. ऑफिस बंद करावं लागलं. मुलाने आम्हाला स्वतःच्या व्हिसावर घेतलं आणि शहराच्या पार टोकाला, सिलिकॉन ओएसिसच्या टॉवरमध्ये आणून ठेवलं. सगळं चकाचक, खाली उतरलं तर बोलायला कुत्रं नाही. देराला निदान भाजीवाला तरी "भाभी, कैसे हो" म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, थांबवता येणार नाही. डोक्याला आवडीचं काम देत राहा, बस्स.

आवडीचं काम म्हणजे पत्ते. हातात पाच-दहा मिनिटं पत्ते असले की हे पूर्ण माझे हे असायचे. तीच बारीक नजर, तोच खवचट आवाज. पत्ते खाली ठेवले की पुन्हा "आपण कुठे राहतो गं आता?" तेवढ्यासाठी मला डाव हवा होता. माझा माणूस मला थोडा वेळ परत हवा होता, यात काय चुकलं?

मुलाने फोनवर गेम टाकून दिला. दोन दिवसांत ह्यांनी फोन सोफ्यावर आपटला. मग कुठूनसं कळलं की बर्शा भागातल्या एका हॉटेलात दुपारी पोकर असतो, फुकट, पैसे अजिबात नाहीत, म्हणून कायद्याची भानगड नाही. ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालून घेऊन गेले. टेबलावर सगळी तिशीतली पोरं, चिप्सचे ढीग. पहिल्याच डावात चौघांनी समोरचं सगळं मध्ये ढकललं. दुसऱ्या डावात तेच. नो-लिमिट म्हणतात त्याला, म्हणजे कधीही समोरचं सगळं लावता येतं. एक जण हरला, हसला आणि नव्या चिप्स घेऊन आला. हे उठलेच.

"अहो, बसा की. छान चाललंय."

"काय छान? कोणाचं काही जात नाही, मग घाबरणार कोण? आणि कोणी घाबरलंच नाही तर मी खेळू काय, कप्पाळ?"

टॅक्सीत सगळं नीट समजावून सांगितलं. दहा दिरहम असले तरी चालतील, पण ते गेले तर वाईट वाटलं पाहिजे. समोरच्याने लावले तेवढे आपणही लावायचे, तरच शेवटी त्याची पानं बघायला मिळतात. भिऊन पत्ते टाकलेस तर त्याच्या हातात काय होतं ते कधीच कळत नाही. इतकं मुद्देसूद बोलले की टॅक्सीवाला आरशातून बघत होता. घरी आल्यावर मला विचारलं, "कुठे गेलो होतो?"

मुलाला सांगितलं तर म्हणाला, "आई, रिलॅक्स. रास अल खैमाला कॅसिनो बांधतायत. लीगल. नेक्स्ट इयर ऑर सो, बाबांना घेऊन जाऊ, इन्शाल्ला." पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी ह्यांना राजा-राणी ओळखू येतील का, हे त्याने विचारलंच नाही. तो दिवसभर मीटिंगांमध्ये पिचतो, त्याला आणखी काय ऐकवायचं?

आणि मग मी तो पराक्रम केला. आमच्या मराठी मंडळाचा फोनवर एक ग्रुप आहे, बायकांचा, खाण्यापिण्याच्या ऑर्डरींसाठी. चकली, भाजणी, उकडीचे मोदक. मी तिथे फराळाच्या ऑर्डरी घेते. त्या ग्रुपवर मी, शहाणी, लिहिते काय, तर "पोकर खेळणारं कोणाच्या घरी कोणी आहे का? थोडे पैसे लावून. दुपारी आमच्याकडे. चहा आणि बटाटेवडे माझ्याकडून." आणि चकलीच्या जाहिरातीला लावते तसं खाली घराचं लोकेशन टाकलं. हाताची सवय हो! शेवटी हात जोडलेला इमोजीसुद्धा.

ग्रुपवर असा शुकशुकाट झाला की विचारू नका. एरवी नुसतं "सुप्रभात" टाकलं तरी वीस फुलं येतात. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला, "अहो वहिनी, हे काय लिहिलंत? उद्या पोलीस सगळ्यांना बोलावतील ना!" तो ठेवते न ठेवते तोच मुलाचा, त्याला कोणीतरी कळवलं होतं. तो ऑफिसच्या जिन्यात उभा असावा, आवाज घुमत होता.

"आई, आर यू मॅड? डिलीट इट! डिलीट इट नाऊ! माय व्हिसा, युवर व्हिसा, एव्हरीथिंग!"

मी डिलीट केलं. किती जणींनी वाचलं कोणास ठाऊक. पुढचे बरेच दिवस दाराची बेल वाजली की मी आधी दाराच्या भिंगातून बघायची, आणि बाहेर असायचा पाण्याच्या बाटल्यांवाला.

पण एकीने वाचलं होतं. ग्रुपबाहेर, मला एकटीला निरोप आला, "काकू, माझे मिस्टर जातात. अल क्वोजला, एका गोडाऊनच्या वर. छोटाच डाव असतो. हवं तर घेऊन जातील काकांना." मी तो निरोप दिवसभर उघडत होते आणि मिटत होते. हवा होता तस्साच डाव, आणि हातात येऊनही घेता येईना. शेवटी ह्यांनाच वाचून दाखवला.

ह्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "पोराच्या व्हिसावर आहोत ना आपण?"

"हो."

"मग नाही जायचं. मी विसरतो, पण एवढं काही विसरलो नाही." आणि थोड्या वेळाने, "तू खेळ माझ्याशी."

"मला कुठे येतं?"

"शिकवतो. ती गुलामचोरवाली अक्कल बाजूला ठेव फक्त."

म्हणून आम्ही दोघंच खेळायला लागलो. खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, मी नाणी आणली, दोघांत मिळून पन्नास दिरहम, म्हणजे हजार-बाराशे रुपये. माझ्या चकलीच्या पैशातले. नवरा-बायकोच्या डावाला कोण येणार पकडायला, तरी मी पडदे ओढून घ्यायची. दोन दोन पानं हातात, बाकीची मध्ये उघडी मांडायची. रागवायचे काय मला! "अगं, चेहरा बघ तुझा, एक्का आला की भुवया वर जातात!" दुर्री-सत्ती आली की सरळ टाकून द्यायची, त्यांच्याइतकी रद्दड पानं नाहीत, हे मला इतक्यांदा सांगितलं की झोपेतही म्हणेन. सकाळचा चहा घेतला की नाही ते सांगता यायचं नाही, पण हे चुकायचं नाही. मी हरायची, चिडायची आणि सुखात होते, खरंच सांगते.

गेल्या आठवड्यात एका सकाळी ह्यांनी मला ताई म्हणून हाक मारली. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, ती जाऊन किती वर्षं झाली. मी "ओ" दिली, दुसरं काय करणार?

दुपारी पत्ते मांडले. माझ्या हातात दोन राण्या. मध्ये तीन पानं उघडली, त्यात तिसरी राणी. मी भुवया दाबून धरल्या. हे खिडकीबाहेर बघत होते, समोर बांधकामाची क्रेन फिरत होती. मधल्या पानांकडे बघितलंही नाही, आणि एकदम दोन्ही हातांनी समोरची सगळी नाणी मध्ये ढकलली.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. इतकी वर्षं संसार केला, आजारपणात, भांडणात, ऑफिस बुडालं तेव्हा, तो चेहरा मला पाठ आहे. काही दिसेना. बोटीवरचा तो पक्का खेळाडू मला गंडवत होता, की हातात काय आहे, कशाला आहे, हेच माणसाला कळत नव्हतं? तीन राण्यांवर डाव सोडणं म्हणजे शुद्ध गाढवपणा, त्यांनीच शिकवलेलं. नाणी गेली असती तर गेली असती, मेली, एकाच डब्यातली. पण मी लावले असते तर त्यांना पानं उघडावी लागली असती, आणि ती उघडताना त्यांचं तोंड कसं होईल ते मला बघायचं नव्हतं. माझी हिंमतच झाली नाही. मी राण्या पालथ्या टाकल्या.

ह्यांनी नाणी ओढून घेतली, आपली दोन पानं गड्डीच्या खाली सरकवली.

"अहो, काय होतं हो?"

"बघायचं होतं तर लावायचे होतेस," म्हणाले आणि बाथरूमला गेले.

गड्डी माझ्या हाताशी होती. तळाची दोन पानं ओढली. दुर्री आणि सत्ती.

मी ती धरून बसले. पक्क्या खेळाडूने थाप मारायची तर यावरच मारावी, आणि काहीच उमगत नसलेल्या माणसाने सगळं लावून टाकलं तरी यावरच. बघूनही माझ्या हाती काही आलं नाही. पाण्याचा आवाज आला तशी मी पानं होती तिथे सरकवली.

हे येऊन खुर्चीत बसले.

"अहो," मी म्हटलं, "मघाशी थाप मारलीत ना मला? खरं सांगा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तोच चेहरा, भुवई हलली नाही.

"कधी?" म्हणाले.

मी पत्ते पिसायला घेतले.