साडभाऊ आणि सरळ रेघ

आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत, याचा क्षणभरही विसर न पडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मला लग्नात मिळाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडभाऊ. ते उमरखेडला शिक्षण खात्याच्या तालुका कार्यालयात नोकरीला आणि माझं तिथेच झेरॉक्सचं दुकान. सरकारी शाळांमध्ये जायचं, मोबाइलवर शाळेचं ठिकाण टिपायचं, मग हातपंप, संडास, स्वयंपाकाची खोली, कुंपण यांचे ठिपके नकाशावर चढवायचे, असं काम त्यांच्याकडे आलं. इतर लोक फाटकातूनच ठिपका टाकून परतत. साडभाऊ त्या कामाच्या प्रेमात पडले. 'कुठे आहात?' असं कुणी फोनवर विचारलं तर आधी अक्षांश सांगतात, मग रेखांश, आणि समोरचा वैतागला की म्हणतात, "म्हंजे घरीच आहो ना बापा!" पुतण्याच्या लग्नपत्रिकेत विवाहस्थळाखाली त्यांनी हट्टाने हे आकडे छापून घेतले. प्रेसवाल्याने एक आकडा चुकवला आणि नवरीकडची एक गाडी थेट फुलसावंगीजवळच्या हळदीच्या शेतात जाऊन उभी राहिली. शेतमालक भला माणूस, त्याने पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मांडवात सगळे चिडलेले, साडभाऊ मात्र शांत. "लग्नाच्या आंधी हळदीलेच तं जा लागते," म्हणाले.

कागदावर 'संडास आहे' असं लिहिलेलं त्यांना पुरत नाही. दार लागतं का, कडी बसते का, हे ते स्वतः आत जाऊन पाहतात. "कडी नसन तं पोरीइच्यासाठी तो संडास नसल्यासारखाच," हे त्यांचं ठाम मत. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते असेच आत गेले, कडी लावली, आणि ती काही केल्या निघेना. गुरुजी तोवर फाटकाला कुलूप घालून गेलेले. साडभाऊंनी कार्यालयाच्या ग्रुपवर आपलं लोकेशन पाठवलं. ठिपका बरोबर संडासावर! सगळ्यांना वाटलं, रोजचंच काम चाललंय. सगळ्यांनी अंगठे पाठवले. शेवटी त्यांनी मला फोन केला. मी स्कूटरवर पेचकस घेऊन गेलो, कुंपणावरून उडी मारली, दार उचकटलं. घामाने निथळत बाहेर आलेल्या माणसाने मोबाइल माझ्यापुढे धरला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : 'कडी आहे. भल्ली मजबूत आहे.'

अशा माणसाला मी एकदाच उदास पाहिलं. पावसाळ्याचे दिवस होते. दुकानात येऊन ते स्टुलावर बसले, चहाला नको म्हणाले. वरून एक कच्ची यादी आली होती. ज्या शाळेत मुलं थोडी आणि दुसरी शाळा किलोमीटरच्या आत, ती बंद करून मुलं त्या दुसऱ्या शाळेत पाठवायची. यादीत एका बंजारा तांड्याची शाळा होती. संगणकाने नकाशावरचे दोन ठिपके घेतले आणि मध्ये सरळ रेघ मारली.

"मंग खोटं काय आहे त्यात?" मी विचारलं.

"खोटं काहीच नाही. ठिपके माह्येच आहेत ना," ते म्हणाले. "त्या गुरुजीनं मले ताक पाजलं, पोट्ट्यायनं गाणं म्हनून दाखोलं, अन् मी त्याह्यच्या शाळेवर ठिपका ठेवून आलो."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच माझ्या दाराशी हजर. "चाला, पायी चालाचं हाय." तांड्यावर पोचलो तर ही बातमी आधीच तिथे पोचलेली. तांड्याचे नायक, पांढऱ्या मिशांचे म्हातारे, आमच्याशी नीट बोलेनात. साडभाऊंनी त्यांना एवढंच विचारलं, "पोट्टे तिकडच्या शाळेत कोन्या रस्त्यानं जातीन, तो दाखवा." नायक पुढे, साडभाऊ मोबाइल छातीशी धरून मागे, आणि त्यांच्या मागे आख्खा तांडा, अशी ती वरात निघाली. थोड्याच अंतरावर नाला आडवा आला. पाणी गढूळ, ओढ जबर, पूल नाही. मग शेताच्या बांधाने, बाभळीतून, चिखल तुडवत डांबरी रस्त्यापर्यंत, आणि तिथल्या पुलावरून नाला ओलांडून उलटं मागे. पहिलीतली मुलं निम्म्या वाटेवर बसली. पलीकडच्या शाळेशी पोचलो तेव्हा मोबाइलवर उमटलेली रेघ शेळीने चरत चरत काढल्यासारखी दिसत होती, आणि अंतर सरळ रेघेच्या चौपट भरलं.

ती वाकडी रेघ मीच मोठ्या कागदावर छापून दिली. ती घेऊन आम्ही एसटीने यवतमाळला गेलो. ज्या मॅडमच्या सहीने यादी निघणार होती, त्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "पण सरळ अंतर तर किलोमीटरच्या आतच आहे."

साहेबांपुढे ज्यांची जीभ टाळ्याला चिकटते, ते साडभाऊ उभे राहिले. "बरोबर हाय मॅडम. पाखराइची शाळा असती तं चाललं असतं."

मॅडमनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि खळखळून हसल्या. चार दिवसांनी स्वतः आल्या. नाल्यापर्यंत चालत गेल्या, पाण्यात एक पाऊल टाकलं, चप्पल वाहून गेली. त्या अनवाणीच परत आल्या आणि जीपच्या बॉनेटवर यादी ठेवून त्यांनी तांड्याच्या नावावर काट मारली. नायकांनी साडभाऊंना मिठी मारली. त्या संध्याकाळी बायकांनी फेर धरून गाणी म्हटली आणि साडभाऊ त्या फेराच्या बाहेर एकटेच, अजिबात ताल नसलेले, नाचले.

यंदा दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तिथे गेलो होतो. गुरुजी बदलून गेलेले, नायक लेकाकडे परगावी. साडभाऊंना ओळखणारं शाळेत कुणीच नव्हतं. ओट्यावर एक चिमुरडी पाटीवर काहीतरी गिरवत होती. त्यांनी तिला विचारलं, "तुह्या घराहून शाळा किती दूर हाय वं?"

तिने मान वर न करताच सांगितलं, "याडी हाक मारते तं आयकू येते."

याडी म्हणजे आई. तेवढ्यात तांड्यातून खरंच हाक आली, पाटी तिथेच टाकून पोर धावत सुटली. ती दारात शिरेपर्यंत साडभाऊ बघत राहिले.

"माही माय गेल्यापासून," ते हळूच म्हणाले, "मले असं कोनी बलावलं नाही."