मी फुलं पाहत होते

खोटं बोलले असते, तर ते प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी आंजीहून रोज सायकलनं वर्ध्याला अकरावीच्या वर्गाला जायची. आमच्या गल्लीतून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच मुलगी. सायकल बाबांची, काळी, दांड्याची. दुपारी वर्ग सुटला की त्याच सायकलनं घरी.

वाटेत एका नाल्यापलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस होते. फाल्गुनात त्यांच्यावर पान म्हणून उरायचं नाही, नुसती फुलं. खाली खडीच्या कडेला पिवळा धोत्रा, पांढरी-जांभळी रुई, आणि जमिनीला चिकटून पसरलेली काटेरी भुईरिंगणी. तिची जांभळी फुलं पाहायची तर उकिडवंच बसावं लागतं. मी बसायची. सायकल झाडाला टेकवून दहा-पंधरा मिनिटं. तोडायची नाही, वेणीत माळायची नाही, नुसती पाहायची. वर पळसावर साळुंक्यांचं भांडण चाललेलं असायचं आणि फुलं टपटप खाली पडायची. घरात मला कोणी असं निवांत बसू दिलं नसतं.

बाबांचे एक चुलतभाऊ, आमचे काका, वर्ध्याला अडतीच्या दुकानात कामाला होते. दुपारी काम आटोपलं की बसनं परतायचे. एक दिवस त्यांनी खिडकीतून मला पाहिलं. संध्याकाळी आमच्या ओसरीवर आले, पाणी प्यायले आणि बाबांना म्हणाले, “दादा, पोट्टी रस्त्यावर बसून राह्यते. एकटी. कोणाची वाट पाहून राह्यली, इचारा तिले.”

बाबांनी मला हाक मारली. “काऊन बसली होती?”

“फुलं पाहून राह्यली होती.”

काका हसले. “फुलं? देवाले वाहाले नाई, डोक्यात घालाले नाई, अन् भर उन्हात बसून फुलं पाहाची? दादा, तुमी लय भोळे हाय.”

मायनं मला चुलीपाशी बोलावलं. हळूच म्हणाली, “सांगून दे ना बाई, चेन पडली होती म्हणून. कोणाचं काय जाते?”

“चेन नाई पडली.”

“पडली म्हन फकत.”

“नाई म्हणत.”

तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं, पण आतून कळत होतं. चेन पडली म्हटलं, की मुलीच्या जातीनं रस्त्यावर थांबायला काहीतरी मोडावं-तुटावं लागतं, हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. माझं काहीच मोडलं नव्हतं.

बाबांनी सायकलला साखळी घातली आणि ती ओसरीच्या खांबाला कुलूप लावून बांधून टाकली. “परीक्षा होतपर्यंत बसनं जाजो. काकासंगं.”

दुसऱ्या दिवशी गेले बसनं. परतताना काकांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरली होती. नाला ओलांडला तशी मी उठले आणि कंडक्टरला म्हटलं, “थांबवा. मले उतराचं हाय.”

“इथं? इथं काय हाय?”

“फुलं हाय.”

बस हसली. काका दबक्या आवाजात म्हणाले, “खाली बस. लोकं पाहून राह्यले.” मी बसले नाही. कंडक्टरनं घंटी मारली, मी उतरले. बस निघून गेली आणि मी रुईजवळ उभी राहिले. खरं सांगते, त्या दिवशी मला एक फूल धड दिसलं नाही. तरी ठरवून पंधरा मिनिटं थांबले, मग चालत घरी आले.

घरी बाबांनी हात उगारला. मग तो तसाच खाली घेतला. काका म्हणाले, “पाहा! मी सांगत होतो.” तेव्हा माय दारातून म्हणाली, “उद्या इतवार हाय. मीच जाते तिच्यासंगं. पाहते कोण येते ते.”

मला वाटलं, मायनंही आपल्याला सोडलं. रविवारी ती डोक्यावर पदर घेऊन माझ्यापुढे झपाझप चालत होती. पळसापाशी पोचल्यावर तिनं चारी दिशांना पाहिलं. हरभऱ्यानं भरलेली एक बैलबंडी गेली. आणखी कोणी आलं नाही. बराच वेळ माय उभी राहिली. मग वाकली.

“ही तं रेंगणी,” ती म्हणाली. “दाढ दुखली का माझी आई इच्या बियाचा धूर द्याची.” मग पडलेलं पळसाचं एक फूल उचलून तिनं त्याच्या देठाकडचा गोड रस चोखला. तिचं माहेर कारंज्याकडचं. लहानपणी तिथं रानात ती वासरं राखायची, एवढंच मला ठाऊक होतं. “अठरा वर्सं झाले या रस्त्यानं जाऊन-येऊन. बंडीत बसून, नाकापर्यंत पदर. इथं पयस हाय हे मले माईत नाई बाप्पा.”

आणि ती बसली. पाय लांब करून, रस्त्याकडे तोंड करून. पदर खांद्यावर घसरला, तो तिनं वर घेतला नाही.

थोड्या वेळानं काका सायकलवर आलेच. पाहायलाच आले असणार. “वयनी! रस्त्यावर काऊन बसल्या? काई झालं काय?”

“काई नाई झालं, भाऊजी. फुलं पाहून राह्यली.”

“अवं, लोकं काय म्हनतीन?”

“म्हनू द्या. तुमाले बसाचं असंल तं बसा. पण सायकल मांगं घ्या, फुलावर उभी केली तुमी.”

काकांनी खरंच सायकल मागे घेतली. बसले मात्र नाहीत.

घरी बाबांनी विचारलं, “कोण होतं?”

“कोणी नाई. मी बी बसली होती. आता माह्या पायाले बी साखळी लावा.”

बाबांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. सोमवारी सकाळी पाहिलं, तर दोन्ही चाकांत हवा भरलेली होती.

गोष्ट गावभर झालीच, आणि गावाबाहेरही गेली. चार-पाच वर्षांनी नाचणगावचे पाहुणे मला पाहायला आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “रस्त्यावर बसते म्हणे ही?” सगळे खाली पाहू लागले. मी म्हटलं, “हो, बसते. फाल्गुनात.” होकार आला नाही. मी बी.ए. पूर्ण केलं, शाळेत लागले, लग्न मागाहून झालं. त्या नकाराचं मला कधी वाईट वाटलं नाही.

माय मात्र दर फाल्गुनात जात राहिली. माझ्या लग्नानंतर शेजारच्या दोघी तिच्यासोबत निघू लागल्या, मग आणखी एक. गावातली माणसं पारावरून हसायची. त्या चौघी पारासमोरूनच जायच्या. मागच्या गल्लीतून जवळची वाट होती, पण तिकडून एकदाही गेल्या नाहीत.