पट्ट्याचा रंग

हिंगण्याच्या कंपनीत माझी पाळी बदलली, म्हणून कराटेचा जुना क्लास सोडून मी कंपनीजवळच्या दुसऱ्या क्लासला जायचं ठरवलं. न सांगता जाणं बरं दिसत नाही, म्हणून सरांचा निरोप घ्यायला मुद्दाम कराटेच्या गणवेशात मैदानावर गेलो. सरांनी सगळ्यांसमोर फर्मावलं, "जायचं तर जाय. पण पट्टा काढून ठेव. तो मी देल्ला हाय तुले."

यांनी दिला? तेव्हा नागपुरात आम्हाला रंगीत पट्टे कुठे मिळत होते! एकच पांढरा पट्टा मी शिंप्याकडून शिवून घेतला होता. दर परीक्षेनंतर आई तो पातेल्यात उकळून रंगवायची. आधी पिवळा, मग हिरवा, शेवटी तपकिरी. तिच्या बोटांवरचा रंग आठवडाभर जात नसे. सरांनी फक्त 'पास' म्हटलं होतं.

तरी मी गुमान गाठ सोडली आणि पट्टा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्या गुमानपणाचा मला आजही संताप येतो.

घरी आईनं विचारलं, "काहून गा, पट्टा कुठं हाय?" मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "ठेवू दे त्याले. फक्त धुवू नको म्हणा. रंग कच्चा हाय."