सुटी बाधते

माझी माय अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस टाकायची. रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम, आणि तेवढे महिने तिच्या भुवयांना, अंबाड्याला, डब्यातल्या भाकरीलासुद्धा कापसाची तूस चिकटलेली असे. शेडमध्ये धूळ बसवायला पाणी शिंपडायची बंदी होती, कारण रुई ओली झाली तर भाव पडतो. बाईची छाती भरली तर काहीच पडत नाही, एवढं तिथलं गणित साधं होतं.

सुटी आठवडी बाजाराच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की दुपारपासून मायची छाती आवळायची, श्वास अर्ध्यावर अडायचा. पुढच्या दिवशी त्रास कमी, त्यापुढे आणखी कमी, आणि आठवडा सरता सरता ती ठणठणीत. सगळ्याच बायांचं तसंच. मग बायांनी आपलं ठरवून टाकलं की सुटी बाधते. कामाची सवय मोडली की छातीला सोसत नाही.

मायनं त्यावर उपाय काढला. ती सुटीच्या दिवशीही जाऊ लागली. झाडलोटीला, ढीग सारायला बाया लागतच. छाती आवळणं थांबलं. मुकादम खूश, माय खूश. धूळ उतरावी म्हणून गुळाचा खडा दाढेखाली धरायचा आणि खाडा करायचा नाही, हे ती प्रत्येक नव्या बाईला शिकवायची. "घरी बसलं का छाती धरते वं. रोज येत जाय," असं तिचं सांगणं. स्वतः भोगून बोलणाऱ्या बाईला कोण नाही म्हणणार?

काही हंगाम असे गेले. मग एका उन्हाळ्यात, जिनिंग बंद असताना, नळावरून कळशी घेऊन निघालेली माय वाटेतच खाली टेकली. मी लग्नानंतर अमरावतीला असते. तिला जवळजवळ ओढतच इकडच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीण माझ्याहून लहान होती. तिनं मायला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, पुन्हा पुन्हा लावलं, आणि विचारलं, "पूर्वी त्रास कोणत्या दिवशी जास्त व्हायचा?" मायनं सगळं सांगितलं, उपायासकट, जरा ऐटीतच.

"मावशी, सुटी बाधत नव्हती," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "रोज धूळ गेली की छाती बधिर होते. एक दिवस चांगली हवा मिळाली की तिला शुद्ध येते, आणि पुन्हा धूळ गेली की ती ओरडते. तुम्ही तिला शुद्धीवरच येऊ दिलं नाही. आतला बिघाड मात्र चालूच राहिला."

गुळाचं मी विचारलं, तेव्हा तिनं सगळं समजावून सांगितलं. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात; त्यांची गाठच पडत नाही. दिसणारी धूळ बरीचशी नाकात अडकते, न दिसणारी खोल उतरते. धूळ बाहेर ओढणारे पंखे शेडला हवे होते, नाकाला घट्ट बसणारे मास्क हवे होते. गेलेला दम आता परत येणार नव्हता, उरलेला जपायचा होता. मी तिथंच मुकादमाला शिव्या घालायला लागले. माय रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "अन् बाकीच्या बाया?"

हंगाम सुरू झाल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी ती मला घेऊन जिनिंगच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. ती अर्धं बोलायची, दम लागला की उरलेलं मी ओरडायचे. सुटी असून कामावर निघालेल्या बाया थांबल्या. त्यातली एक, मायनंच कामाला लावलेली, म्हणाली, "मावशी, तुमीच तं सांगतलं व्हतं. आज घरी रायली तं उद्या छाती धरन ना माही!"

माय फाटकाला धरून उभी होती. "धरू दे," ती म्हणाली. "माह्या छातीनं मले सांगतलं व्हतं, पोरी. मीच तिचं तोंड दाबलं."

दोघीतिघी परत फिरल्या. ती बोलणारी मात्र तिथंच घुटमळली. आतून मुकादमानं हाक मारली आणि ती आत गेली. तिला थांबवायला मायनं तोंड उघडलं, पण आवाजापुरताही दम आला नाही, आणि मायच्या वतीनं काय ओरडायचं ते मला सुचेना.