झाडाभोवतीचं कुंपण

जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या पडणारच, या एकाच श्रद्धेवर आमच्या समोरच्या पॅटर्नवाल्या मामांनी उभा जन्म काढला आहे. बाकीची श्रद्धा त्यांनी मामींवर सोपवली होती. रविवारी चर्चमध्ये मामी डोळे मिटून प्रार्थना करायच्या, तेव्हा मामा डोळे उघडे ठेवून वरच्या पंख्याचा हुक तपासत बसायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत त्यांनी आयुष्यभर लाकडी पॅटर्न केले. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो आणि वाळूत त्याचा साचा उठवावा लागतो. लाकडावर केसाएवढा ओरखडा राहिला तर तोच लोखंडात उतरतो. त्यामुळे ओरखडा दिसला की मामांचा एक हात पुट्टीच्या डब्याकडे आणि दुसरा काचपेपरकडे जातो. ओरखडा स्वतःच्याच घरातला असावा अशी त्यांची अट नसते. आमच्या चौकटीवर माझ्या मुलाची उंची दरवर्षी चाकूने कोरून ठेवलेली होती. मामांनी एका दुपारी, कुणीही सांगितलेलं नसताना, त्या सगळ्या खुणा भरून चौकट आरशासारखी करून दिली. माझी बायको त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. आपलं काय चुकलं हे मामांना तेव्हा काही कळलं नाही.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम चार-पाच लाकडी पाचरी असतात. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर लोक पंखा लावतात, पाणी मागतात. मामा आधी टेबलाच्या कोपऱ्यावर तळवा ठेवून दाबून बघतात. "डुलतंय, मास्तर," एवढं म्हणून ते खाली वाकतात आणि मग पाहुणा टेबलाखाली आणि यजमान वर अशी बैठक सुरू होते. कुरुंदवाडला माझ्या पुतणीच्या लग्नात नवरा-नवरीच्या सोफ्याचा एक पाय त्यांना संशयास्पद वाटला. अल्बममधल्या एका फोटोत जोडपं गोड हसतं आहे आणि सोफ्याच्या मागून पॉलिश केलेले दोन बूट बाहेर आले आहेत. पुतणीच्या सासरी अजून त्या बुटांची चौकशी होते.

मामी बरोबर उलट. त्यांच्या हातून रोज काहीतरी पडायचं, आणि पडलं की त्या खळखळून हसायच्या. नाताळ म्हणजे त्यांचा महिना. छातीएवढं प्लास्टिकचं झाड माळ्यावरून निघायचं, चांदण्या लागायच्या, चमकीच्या लांब लांब माळा फांद्यांवर पडायच्या, आणि करंज्यांचं पहिलं ताट आमच्याकडे यायचं. यंदा गणपती झाल्यावर त्या माहेरी, गडहिंग्लजला गेल्या आणि परतताना एसटीतून कापडी पिशवीत कुत्र्याचं एक तांबूस पिल्लू घेऊन आल्या. तिकडच्या कानडी लाडाने त्यांनी तिचं नाव ठेवलं चिन्नी. पिल्लाला दूधभात देतात, असं मी सुचवलं. मामी म्हणाल्या, "कोल्हापुरात ऱ्हायचं हाय न्हवं तिला? मग चटणी खायाला शिकाय नको?" चटणी म्हणजे आमच्याकडे कांदा-लसूण घालून उन्हाळ्यात वर्षाचं कांडून आणतात ते लाल तिखट. चिन्नी तांबड्या रश्शात कुस्करलेली भाकरी नाक वाहेपर्यंत खायची आणि मामी तिच्या शेजारी जमिनीवर बसून तिचं कौतुक करायच्या. मामा त्या दोघींभोवतीच्या वस्तू मागे सरकवत राहायचे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मामींच्या छातीत दुखलं. दवाखान्यात त्या दोन दिवस होत्या. दुसऱ्या दिवशी मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो, म्हणून हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या मामांना म्हणाल्या, "झाड लावायचं वो, दरसालासारखं. आन् चिन्नी. दोनी संभाळा." मामांनी मान हलवली. त्या वेळी त्यांचा एक हात सलाईनच्या स्टँडवर होता, ते डुलत होतं म्हणून.

मामी गेल्या, तेव्हा यंदा मामा झाड लावणार नाहीत असं सगळ्या गल्लीने धरलं होतं. मामांनी डिसेंबर लागताच माळा उघडला. घरात एक झाड आणि ते पाडायला टपलेलं एक पिल्लू. दोन्ही मामींची, दोन्ही सांभाळायची. मामांनी हे काम फाउंड्रीची मोठी ऑर्डर आल्यासारखं अंगावर घेतलं. जुन्या ओळखीने झाडाला बिडाची बैठक ओतून घेतली; ती उचलून आणताना माझी पाठ धरली आणि अजून सुटलेली नाही. शेंड्यापासून छताच्या हुकापर्यंत तार ताणली. मग भोवती सागवानी पट्ट्यांचं कुंपण केलं, कडीच्या फाटकासकट. प्रत्येक पट्टी वर किंचित निमुळती होती. असं का, विचारलं तर म्हणाले, पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून तसा उतार देतात. कुंपण वाळूत कोण पुरणार आहे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पट्ट्यांमधली फट किती ठेवायची यासाठी त्यांनी चिन्नीला मांडीवर घेऊन तिच्या डोक्याचं माप व्हर्नियरने घेतलं. चिन्नीने व्हर्नियर चाटला. माप पुन्हा घ्यावं लागलं.

डोकं बाहेरच अडलं, पण तोंड आत जायला लागलं. चिन्नी दिवसभर कुंपणाशी पडून पट्टी कुरतडायची आणि नाक घालून खालच्या फांदीचा शेंडा ओढायची. मामा हताश होऊन आमच्या पायरीवर येऊन बसले. आणि इथे मी, ज्याने उभ्या आयुष्यात एक खिळा सरळ ठोकलेला नाही, त्यांना सल्ला दिला. म्हटलं, आमच्याकडे उंदीर वायरी कुरतडायचे तेव्हा आम्ही तिखट लावलं होतं. खालच्या फांद्यांना थोडं तिखट लावा, एकदा झोंबलं की पुन्हा यायची नाही. मामांनी घरी जाऊन मामींनी भरून ठेवलेली बरणी उघडली, चटणी तेलात कालवली आणि ब्रशने खालच्या सगळ्या फांद्यांना एकसारखा हात दिला. पॉलिश मारावं तसा.

दोन दिवस चिन्नी फार शहाण्यासारखी वागली. झाड ओढायची नाही, कुंपणाशी नुसती बसून राहायची. युक्ती लागू पडली म्हणून मी मिशीत हसत होतो. ती फांद्या चाटत होती, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने भाकरीला तोंड लावलं नाही आणि तिला उलट्या सुरू झाल्या. मी म्हटलं, तिखट बाधलं असेल, ताक द्या. त्यात एक दिवस गेला. हा दुसरा सल्लाही माझाच.

जनावरांच्या डॉक्टरने पोट उघडलं तेव्हा चमकीची माळ निघाली. माळेवर आतडं गोळा होऊन कापलं गेलं होतं. चाटता चाटता तिने तेलात माखलेली अख्खी माळ गिळली होती. नाताळच्या आदल्या सकाळी चिन्नी गेली. मामांनी दुपारपर्यंत तिची पेटी केली. मी बाहेर, त्यांच्या भिंतीशी उभा राहून रंध्याचा आवाज ऐकला आणि तसाच घरी परतलो.

नाताळच्या दिवशी गेलो. चर्चमधल्या कुणीतरी करंज्या आणून दिल्या होत्या, त्यांचं ताट तसंच झाकलेलं होतं. झाड उभं होतं. एक चांदणी हललेली नव्हती, तार ताणलेली, फाटकाला कडी. मामा खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होते. म्हणाले, "झाडाला कायबी झालं न्हाई बघा, मास्तर."

मी तिखटाबद्दल बोलायला तोंड उघडलं. सगळी वाक्यं मी जुळवून आणली होती. मामांनी हाताने थांबवलं.

"चटणी तिच्या हातची हुती," ते म्हणाले. "पोरीला वाटलं आसंल, आली जेवाय घालाय."

त्यांनी मला करंजी दिली आणि मी ती खाल्ली. मला रडू आवरलं नाही हे इथे लिहून ठेवतो, कारण तेव्हा मी करंजीचं सारण घशात अडकल्याचं सोंग केलं होतं.

जानेवारीत झाड पुन्हा माळ्यावर गेलं. मामा अंगणात कुंपण सुटं करून बसले होते; पुढच्या वर्षासाठी पट्ट्या घासून पॉलिश करून ठेवायच्या होत्या. मी मदतीला बसलो. एकेक पट्टी ते डोळ्याशी धरायचे, ओरखडा शोधायचे, घासायचे, माझ्याकडे द्यायचे. एका पट्टीच्या खालच्या टोकाला दुधाच्या दातांच्या खुणा होत्या, बारीक, दाट, ओळीने. मी पुट्टीचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

मामांनी त्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग डब्याचं झाकण घट्ट बसवलं, डबा माझ्याकडे परत दिला आणि खुणांच्या वरूनच, अगदी हलक्या हाताने, पॉलिशचा ब्रश फिरवला.

"तुमच्या पोराच्या खुणा," थोड्या वेळाने ते म्हणाले, "तेवढ्या मी भरायला नको हुत्या."