निम्मे वॉशर

सकाळी शटर वर गेलं की सासूबाई आधी दिव्याखाली उजवा पंजा पसरून धरायच्या. बोटं स्थिर दिसली की मगच पातं उचलायच्या. अलीकडे बोटं थरथरायची. सुनेनं पाहिलंच तर म्हणायच्या, पोटात काही नाही गं, म्हणून.

दवाखान्यातल्या पंपांचे रबरी वॉशर त्या दोघी करत. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेचं जादा रबर छाटायचं काम सासूबाईंचं. पातं जरा घसरलं की पंप गळणार. पंप बनवणाऱ्या कंपनीला हा वॉशर दुसरीकडे मिळत नव्हता, त्यावरच घर चाललं होतं.

मग कुठल्याशा पुरवठादाराचं गोदाम जळालं आणि कंपनी महिनाभर हात चोळत बसली. तेव्हापासून तिथले लोक ताकही फुंकून पिऊ लागले. कुठलाही भाग एकाच्याच भरवशावर ठेवायचा नाही, असं ठरलं. खरेदीवाले साहेब आले. निम्मं काम गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपला द्यायचंय, तुम्हीच त्याला शिकवा, म्हणाले. मग आवाज उतरवून विचारलं, "उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीय?" सासूबाई हसल्या. हात एप्रनच्या खिशात होता.

साहेब गेल्यावर त्या पुटपुटल्या, आज निम्मं, उद्या सगळं. सुनेला पेच पडला. हाताचं सांगावं तर घर बुडेल, न सांगावं तर कुणाच्या तरी उशाशी पंप गळेल.

एका दुपारी खोकी भरताना तिच्या नखाला एका वॉशरची कड अडली. तीळभर चीर. तिनं तो सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. निघालेला टेम्पो फोन करून परत बोलावला, खोकी उपसली. आणखी दोन चिरलेले निघाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः गल्लीच्या टोकाला गेल्या. वर्कशॉपवाला धिप्पाड, पण त्यांच्यासमोर त्याचाच हात लटपटू लागला. पातं आहे बाबा, कुऱ्हाड नव्हे, त्या म्हणाल्या. निम्मं काम गेलं ते गेलंच. उरलेल्या निम्म्यासाठी पातं त्यांनी सुनेच्या हाती दिलं.

महिन्याभरात त्या झोपेतच गेल्या. त्या आठवड्यातही दोन्हीकडची खोकी वेळेवर पोचली. कंपनीत कुणाला काही जाणवलं नाही. सून आता रोज सकाळी दिव्याखाली आपला पंजा धरते, आणि बघायला घाबरते.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी शटर ओढताना सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "उद्या त्या वर्कशॉपवाल्याचाही डबा भर गं. उपाशीपोटी हात कापतो माणसाचा."