आधी ‘न्हाई’ म्हणणारे हवालदार

काहीही विचारा, नकार द्यायचा असला की त्यांचा पहिला शब्द ‘न्हाई’ असायचा. चहा घेणार का म्हटलं, की “न्हाई. आत्ता घेत न्हाई.” आज पाऊस येईल का म्हटलं, की “न्हाई. आज येत न्हाई.” आधी नकार, मग क्षणभर थांबणं, मग बाकीचं वाक्य आणि शेवटी पुन्हा तोच नकार, कागदावर शिक्का मारावा तसा. नव्या माणसाला वाटे, काय फटकळ गृहस्थ आहे! तुम्हालाही वाटलं असतं. मला तर पहिले पंधरा दिवस त्यांचा रागच आला होता.

आम्ही सगळे त्यांना हवालदार म्हणत असू. ते पोलिसातले नव्हते, लष्करातले होते. बिनतारी संदेशांच्या पलटणीत निम्मं आयुष्य काढून ते पौडला घरी परतले होते. पौडच्या बाजारात त्यांच्या थोरल्या भावाचं बांगड्यांचं दुकान होतं, पण हवालदार तिकडे फिरकत नसत. “बांगडी भरायला हात मऊ लागतो, माजा हात स्क्रू पिळायचा,” असं म्हणत. शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचे तेवढेच ते घराबाहेर दिसत. मग मुळशीच्या तळ्यापलीकडे आमच्या बांधकाम खात्याने रस्त्याची पाहणी काढली आणि ते आमच्याकडे रोजंदारीवर आले.

साठ साल उजाडायला एकदोन वर्षं असतील. मी नुकताच ओव्हरसियर म्हणून लागलो होतो आणि अजून कायम व्हायचा होतो. पुण्याच्या पेठेतला, शुद्ध बोलणारा, आणि त्याचा अभिमान असणारा.

त्या ‘न्हाई’पायी त्यांच्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, “लग्न आमच्या गावी केलं तर चालंल न्हवं?” हवालदार म्हणाले, “न्हाई.” आणि सवयीने थांबले. मुलाचा बाप टोपी सावरून उठला, मुलाचा मामा चपला शोधू लागला, तेव्हा कुठे उरलेलं वाक्य बाहेर पडलं, “काय बी हरकत न्हाई!” हे ते स्वतःच सांगायचे आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

या सवयीचं कारण मी एकदा विचारलं. त्यांनी मला बोलायचा माईक हातात दिला. त्याला बाजूला एक बटण असतं. ते दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं. दोन्ही एका वेळी होत नाही.

“मानूस घाईत असला की बोलनं संपायच्या आदीच बटन सोडतो,” ते म्हणाले. “गोऱ्यांच्या भाषेत नकार म्होरं असतो. त्यांचं शेपूट तुटलं तरी नकार पोचतोय. आपला नकार शेपटालाच! ‘जाऊ नका’ म्हना, बटन जरा लवकर सोडा, काय पोचलं?”

“जाऊ,” मी म्हणालो.

“आन् मानूस गेला की वो!”

म्हणून त्यांचे दोन नियम होते. नकार आधी सांगायचा, आणि समोरच्याकडून ऐकलेलं परत वदवून घ्यायचं. “काय ऐकलंस त्ये सांग,” हे त्यांचं दुसरं पालुपद. खानसाम्याला भाजीत मीठ कमी घाल म्हणून सांगितलं, तरी त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचे. मी हसून म्हणालो, “हवालदार, हे मराठीचं व्याकरण नाही.” ते म्हणाले, “न्हाई. व्याकरन न्हाई. पर मानूस वाचतो.”

तर ते आमच्याकडे आले ते वायरलेसचे संच निवडायला. आमच्या तीन जीप होत्या आणि वाट एकाच जीपपुरती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. समोरासमोर गाड्या आल्या की एकीला अर्धा मैल मागं जावं लागे. पहिल्या जीपने पुढची वाट पाहून मागच्यांना कळवायचं, तर त्यासाठी हॉर्न आणि काठीला बांधलेलं पांढरं धोतर एवढीच साधनं होती. धुक्यात धोतर दिसत नसे आणि वळणाआडून हॉर्न कुठला ते कळत नसे. अखेर मोठ्या साहेबांनी परवाना मिळवला आणि साहेब, हवालदार आणि मी असे तिघे पुण्याला लष्कराचा जुना, डिस्पोजलचा माल विकणाऱ्या एका दुकानात गेलो.

दुकानात दोन जातींचे संच होते. एक नवा, सुबक, एका हाताने उचलता येईल असा. दुसरा लढाईतला, हिरव्या लोखंडी पेटीतला, दोघांनी उचलायचा. साहेबांचं मन नव्यावर बसलं, माझंही बसलं. दुकानदाराने नदीकाठच्या मैदानात तो चालवून दाखवला. आवाज असा खणखणीत, की माणूस शेजारी बसून बोलतोय.

हवालदार म्हणाले, “न्हाई. ह्यो घ्यायचा न्हाई. मैदानात समदेच बोलत्यात साहेब. डोंगराआडून बोलंल त्यो आपला.”

साहेब तसे न्यायाचे. दोन्ही संच त्यांनी चाचणीला मागून घेतले. मग हवालदारांनी आमच्याकडून जी कवायत करून घेतली ती मी विसरणार नाही. मी खिंडीत, ते पलीकडे ओढ्यात, मधे अख्खा डोंगर. नवा संच ओढ्यात उतरताच मुका झाला. पेटीवाला खोकत, घरघरत, पण बोलत राहिला. मग त्यांनी जीपचं इंजिन चालू ठेवून तेच केलं, कारण इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर संचात शिरते. मग अंगणात सडा शिंपडतात तसं पेटीवर पाणी शिंपडून केलं. मग ओल्या घोंगडीखाली रात्रभर ठेवून सकाळी केलं. पेटीवाला बोललाच. माझं जेवण दोन दिवस चुकलं आणि मी मनात त्यांना बरंच काही बोललो.

साहेबांनी विचारलं, “हवालदार, ही जुनी धुडं ऐन वेळी दगा देणार नाहीत ना?”

“न्हाई. देनार न्हाईत. दिला तर मी घरी बसंन.”

साहेबांनी तीन पेट्या घेतल्या. दर सकाळी हवालदार त्या उघडून पुसायचे, बॅटऱ्या तपासायचे, एरियलची काठी हाताने वाकवून बघायचे. दिवसभरात एखादी पेटी नीट बोलली, की तिच्यावर थाप मारून म्हणायचे, “शाब्बास.” माणसांना त्यांनी शाब्बास म्हटलेलं मी फारसं ऐकलं नाही.

ड्रायव्हर लोक त्यांचे नियम पाळत. “नको, थांबू नको”, “न्हाई, वाट न्हाई” असं बोलणं त्या डोंगरात रोज चालायचं. मी मात्र माझं शुद्ध मराठी सोडलं नाही. चारचौघांत दोनदा ‘नको’ म्हणणं मला अडाणीपणाचं वाटे. हवालदार एकदोनदा म्हणाले, “साहेब, तुमी बी तसंच बोलत चला.” मी हो हो म्हणालो.

दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी हवालदार तळावर बॅटऱ्या भरत थांबले होते. माझी जीप पुढे होती, मागे वळणाआड बबन ड्रायव्हर एकटाच गाडी घेऊन थांबलेला. बबन म्हणजे उमदा गडी, गाडी चालवताना गवळणी म्हणायचा. एका ओढ्यावर मातीचा भराव होता. आमची जीप त्यावरून पार झाली आणि मी उतरून मागं पाहिलं, तर भरावाला हातभर रुंद चीर गेलेली. खालची माती पावसाळ्याने केव्हाच धुऊन नेली होती. मी धावत जाऊन माईक उचलला आणि म्हणालो, “बबन, गाडी वर घेऊन येऊ नकोस.”

असं म्हणालो खरा. पण ‘ये’ म्हणतानाच माझा अंगठा बटणावरून सुटला होता. खट्ट आवाज मी ऐकला. ‘ऊ नकोस’ हे मी मेलेल्या माईकमध्ये बोललो. ते मला त्याच क्षणी कळलं. पुन्हा बटण दाबायला एक क्षण पुरला असता. मी दाबलं नाही. मनाशी म्हणालो, पोचलं असेल. काय ऐकलंस ते सांग, असंही विचारलं नाही.

“बबन, गाडी वर घेऊन ये.” एवढंच त्याने ऐकलं, आणि तो आला. तो वळणावर दिसला आणि मी हातवारे करू लागलो, तोवर पुढची चाकं भरावावर चढली होती. भराव बसला, जीप ओढ्यात कलंडली आणि बबनचा पाय तिच्याखाली आला. तो वाचला. पाय मात्र कायमचा आखूड झाला. पुढे त्याने गाडी चालवली नाही.

चौकशी तळावरच झाली. बबनने दवाखान्यातून सांगितलं होतं की साहेब ‘घेऊन ये’ म्हणाले. मी सांगितलं की मी ‘येऊ नकोस’ म्हणालो. मोठे साहेब म्हणाले, “दोघंही खरं बोलताहेत. मग संचाने शब्द खाल्ला.”

हवालदारांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. “साहेब, ‘नको’ म्हनला व्हता न्हवं तुमी?”

“म्हटलं होतं.”

“बटन दाबूनच?”

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. माझी नोकरी कायम व्हायचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या सहीला गेला होता. मी म्हणालो, “हो.”

त्यांनी एकदाही पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं होतं, हा माणूस मला सोडणार नाही, परत वदवून घेईल. पण ते साहेबांकडे वळून म्हणाले, “ह्ये म्हनत्यात म्हंजे दाबलंच असनार. मंग माजाच संच चुकला.” आणि दुसऱ्या दिवशी, कुणी घालवायच्या आधीच, ते घरी बसले. जाताना त्यांनी एकच मागितलं. ती शब्द खाणारी पेटी आता मोडीत निघणार असेल तर ती मला न्यायला द्या, म्हणाले. साहेबांनी दिली. दोन गडी ती पौडच्या गाडीत चढवून आले. मी तळावर होतो, पण निरोप द्यायला गेलो नाही. काम आहे म्हणालो.

मी कायम झालो. पुढे बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. लग्न झालं, मुलं झाली. माणूस मनाशी बरंच काही समजावून घेतो, तसं मीही घेतलं. कुणी मेलं नव्हतं, हवालदारांचं वय झालंच होतं, भावाचं दुकान होतं. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही मला झोपेत उपयोगी पडत नसे. मुलगा बोलायला लागला आणि ‘नको’ म्हणायला शिकला, तेव्हा घरातले सगळे कौतुकाने हसले आणि मी उठून बाहेर गेलो.

चारपाच वर्षांनी पुण्याला बदली झाली, तेव्हा एका रविवारी पिरंगुटवरून पौडला गेलो. त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. एस. टी.त बसून वाक्यं जुळवली होती. बांगड्यांच्या दुकानात विचारलं, तर भाऊ म्हणाले, “त्याला जाऊन दोन सालं झाली. घरी चाची हायेत, बसा जाऊन.”

चाचींनी, म्हणजे हवालदारांच्या पत्नींनी, मला ओळखलं नाही, खात्यातला म्हटल्यावर मात्र लगबगीने चटई टाकली, पाणी दिलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “बरं झालं आलात. तुमी शिकलेली मानसं. तुमाला तरी कळंल, त्यात काय बिघडलं व्हतं त्ये.”

त्या आत गेल्या आणि एक मोठं सूप घेऊन आल्या. आणखी एक आणलं. मग परात आणली. ती पेटी होती. तिचा एकेक भाग सुटा केलेला, एकेका स्क्रूपर्यंत, आणि प्रत्येकाला दोऱ्याने कागदाचा कपटा बांधलेला. कपट्यावर त्यांच्या मोठ्या, गोलसर अक्षरात एकच शब्द. ठीक. व्हॉल्व्हला ठीक, तारेला ठीक, एरियलच्या काठीच्या प्रत्येक तुकड्याला ठीक. मी माईक उचलला. त्याच्या बटणालाही कपटा होता. ठीक.

“रोज सकाळी ओट्यावर घिऊन बसायचे,” चाची म्हणाल्या. “दुकानात चला म्हनलं भावानं, तर न्हाई. म्हनायचे, त्या पोराचा पाय गेलाय, बिघाड घावल्याबिगर मी उठनार न्हाई. जेवान थंड हुयाचं. समदं ठीक निगालं तवा लई गप झाले. म्हनले, सामान चांगलं हाय, साहेब तर खोटं बोलायचे न्हाईत, म्हंजे तपासताना माजाच हात कुटंतरी चुकला. त्येच घिऊन गेले बगा.”

माईक अजून माझ्या हातातच होता. मग सांगितलं. बटण मी आधी सोडलं होतं, ते मला तेव्हाच माहीत होतं, आणि विचारल्यावर मी खोटं बोललो. पेटीत काही बिघाड नव्हता. त्यांचाही हात कुठे चुकला नव्हता.

वाटलं, त्या मला शिव्या देतील. मला त्या हव्याच होत्या. चाचींनी माझ्या हातातला माईक घेतला, त्याचा सुटलेला दोरा पुन्हा नीट बांधला आणि तो सुपात ठेवला. मग रिकाम्या ओट्याकडे बघत त्या म्हणाल्या,

“आता ह्ये मी कुनाला सांगू?”